मासे गरवून घरी आल्यावर: खाऱ्या पाण्यात वापरलेलं स्पिनिंग रीळ कसं धुवावं, कसं उघडावं, कुठे काय लावावं

माझं पहिलं रीळ ऑक्टोबरात घेतलेलं आणि डिसेंबरात गेलेलं. चार हजार साइजचं, साधं, पण माझ्या तेव्हाच्या पगाराच्या मानाने महाग. भाट्याच्या खाडीवर संध्याकाळच्या भरतीला एक तांबोशी लागली. तिने खडकाच्या दिशेने झेप घेतली, ड्रॅगने, म्हणजे रिळाच्या ब्रेकने, दोऱ्या (गळाचा दोरा) सोडायला हवा होता, तो सोडला नाही. एक झटका बसला आणि दोऱ्या तुटला. ड्रॅगच्या वॉशर, म्हणजे आतल्या चकत्या, मिठाने एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

वाईट याचं वाटलं की मी निष्काळजी नव्हतो. दर वेळी घरी आलो की रीळ नळाखाली धरून, नळ पूर्ण सोडून धूत होतो आणि वरून गंज काढायचा स्प्रे मारत होतो. म्हणजे काळजी घेत होतो, आणि त्या काळजीनेच रीळ घालवलं. पुढे आमच्या आळीत शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांसमोर ते रीळ घेऊन बसलो. त्यांनी आयुष्यात मासा गरवलेला नाही, पण झाकण उघडल्यावर दोन मिनिटांत म्हणाले, "पाणी तू आत ढकललंस आणि ग्रीस तू बाहेर काढलंस. आता यात राहिलं काय?"

रीळ वापरून जेवढं झिजत नाही तेवढं घरी आणून ठेवल्यावर खराब होतं, हे मला तेव्हा कळलं. खाली लिहिलंय ते सगळं त्यानंतरच्या वर्षांत करत, चुकत, पुन्हा करत जमलेलं आहे. नवीन रीळ घेऊन पहिल्यांदा जेट्टीवर उभं राहणाऱ्यासाठी लिहितोय, त्यामुळे काही गोष्टी जुन्या माणसांना माहीत असतील.

१. आधी आपलं रीळ ओळखा

हा लेख स्पिनिंग रिळाबद्दल आहे. रॉडच्या खाली लटकतं, पुढे स्पूल असतो, त्याभोवती तारेची कमान फिरते, ते. आपल्याकडे खाडीवर आणि खडकांवर बहुतेक नवी मंडळी हेच वापरतात, २५०० ते ६००० साइजमधलं.

भागांची नावं एकदा तोंडात बसू द्या, कारण सुटा भाग मागवताना दुकानदार तीच विचारतो. दोऱ्या गुंडाळला जातो तो स्पूल. स्पूलच्या टोकावरची चकती फिरवून घट्ट-सैल करतो तो ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक. तारेची कमान म्हणजे बेल. कमानीच्या एका टोकाला, जिथून दोऱ्या वळून स्पूलकडे जातो, तिथे करंगळीच्या नखाएवढी एक चाकी असते, ती लाइन रोलर. बेल ज्याच्यावर बसलेली असते आणि जो गरागरा फिरतो तो रोटर. आणि मागच्या पेटीत, झाकणाखाली, गिअर.

रोलर लहान दिसतो म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. हिशोब करून बघा. एका सकाळी २०० वेळा फेकलं आणि दर वेळी हँडलचे ४० फेरे मारले, तर ८,००० फेरे झाले. गिअर रेशो ५.२:१ असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात रोटर ५.२ वेळा फिरतो, म्हणजे ४१,६०० फेरे. आणि त्या सगळ्या वेळात खाऱ्या पाण्यात भिजलेला दोऱ्या त्या चाकीवरून पाणी पिळत आत येत असतो. रिळातलं सगळ्यात आधी मरणारं बेअरिंग जवळपास नेहमी रोलरचं असतं.

२. काय काय जवळ हवं

कागदपत्रांपासून सुरुवात करतो, कारण ती पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातात.

- खरेदीची पावती आणि वॉरंटी कार्ड. वॉरंटीच्या मुदतीत रीळ उघडलं तर वॉरंटी जाऊ शकते. अटी वाचा. मुदत चालू असेल तर बाहेरून धुणं आणि तेलाचे थेंब एवढ्यावर थांबा.
- खोक्यातला सुट्या भागांचा नकाशा. सगळे भाग क्रमाने सुटे करून दाखवलेलं चित्र असतं, प्रत्येक भागाला नंबर असतो. शिमानो, पेन यांसारख्या कंपन्यांचे नकाशे इंटरनेटवरही मिळतात. मॉडेलचा नेमका नंबर बहुतेकदा रिळाच्या पायावर बारीक अक्षरात कोरलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा.

सामान:

- घट्ट बसणारे स्टार आणि चपटे स्क्रूड्रायव्हर. मोबाइल दुरुस्तीच्या संचातले लहान आणि घरातला एक मध्यम.
- एक लहान पाना, रोटरच्या नटाच्या मापाचा.
- बारीक चिमटा, जुना मऊ टूथब्रश, कानाच्या कापसाच्या काड्या, लहान रंगाचा ब्रश.
- धुऊन मऊ झालेलं सुती कापड. जुन्या धोतराचा तुकडा सगळ्यात उत्तम, त्याचे धागे सुटत नाहीत.
- खाऱ्या पाण्यासाठीचं, पाण्याने न विरघळणारं रिळाचं ग्रीस.
- रिळाचं पातळ तेल. ते नसेल तर शिलाई मशीनचं तेल चालतं. ते लवकर उडून जातं, म्हणून जास्त वेळा घालावं लागतं.
- जुनं ग्रीस काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल.
- अंड्यांचा ट्रे किंवा बर्फाचा ट्रे. कशासाठी, ते पुढे येईल.

आता काय वापरू नये. खोबरेल तेल अजिबात नको. कोकणातल्या घरात हाताशी असतं आणि मोह होतो, पण थंडीच्या पहाटे पारा विशीत आला की ते थिजतं, आणि काही महिन्यांत चिकट होऊन बसतं. गोडं तेलही तसंच. गंज सोडवायचा स्प्रे हा पाणी हटवायला आणि अडकलेला स्क्रू सैल करायला चांगला, पण तो वंगणाच्या जागी नाही. तो आतलं ग्रीस पातळ करून वाहवतो आणि आठवड्याभरात स्वतःही उडून जातो. माझ्या पहिल्या रिळात नेमकं हेच झालं. पेट्रोल आणि थिनर रबराच्या सीलला आणि प्लॅस्टिकला खातात, शिवाय घरात पेटायची भीती, तेही नको.

३. आल्या रात्रीच धुवा, पण हळू

एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. रीळ ओलं असेपर्यंत ते मीठ विरघळलेलं असतं, साध्या पाण्याने निघून जातं. वाळलं की त्याचे खडे बनतात, आणि ते बनतात नेमके फटींमध्ये, बेअरिंगच्या तोंडाशी, दोऱ्याखाली. शिरोड्याच्या मिठागरात उथळ पाण्यावर ऊन-वारा जे काम करतात, तेच तुमच्या रिळात रात्रभर होत असतं. म्हणून आमच्या घरी नियम आहे: आधी रीळ, मग आंघोळ, मग मासे साफ करणं.

पद्धत अशी:

पहिलं काम, ड्रॅगची चकती पूर्ण घट्ट करा. घट्ट असताना स्पूल आणि चकती यांच्यामधली फट मिटते आणि पाणी वॉशरपर्यंत जात नाही. ही एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर ती तांबोशी हातची गेली नसती.

रीळ रॉडला लावलेलंच राहू द्या. हँडल काढू नका, तिथे उघडं भोक पडतं. नळ बारीक सोडा, किंवा झाडांना पाणी घालायच्या झारीने वरून पाणी घाला, पावसाच्या सरीसारखं. स्पूलवरून, बेलवरून, रोलरवरून, हँडलच्या बोंडावरून पाणी नुसतं वाहू द्या. दोन मिनिटं पुरतात. रोलर बोटाने फिरवत त्याच्यावर जरा जास्त पाणी घाला.

पाणी वाहत असताना हँडल फिरवू नका. फिरणारा भाग पाणी आत ओढतो.

पाइपचा फवारा, गाडी धुवायचं प्रेशर मशीन, अंगठ्याने नळ दाबून मारलेली पिचकारी, यांपैकी काहीही नको. जोराचं पाणी मिठाला बाहेर आणत नाही, सीलच्या आत ढकलतं. बादलीत बुडवून ठेवणंही तितकंच वाईट. रात्रभर गोड्या पाण्यात बुडवलं की सगळं मीठ निघेल असं वाटतं, पण पाणी पेटीत शिरतं आणि तिथून परत निघायला वाट नसते. गरम पाणी ग्रीस पातळ करतं, म्हणून साधं किंवा फार तर कोमट.

माशाची खवलं, बुळबुळीतपणा, कोळंबीच्या आमिषाचा चिकटा असेल तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब ओल्या कापडावर घेऊन पुसा आणि परत पाणी घाला.

वेणीचा दोऱ्या, म्हणजे ब्रेड, पाणी धरून ठेवतो. नायलॉनपेक्षा कितीतरी जास्त. गरवायच्या दर तीन-चार खेपांनंतर ४०-५० मीटर दोऱ्या बाहेर ओढा आणि ओल्या कापडाच्या चिमटीतून परत गुंडाळा. कापड काळपट आणि खारट झालेलं दिसेल. हे केलं नाही तर ॲल्युमिनियमच्या स्पूलवर दोऱ्याखाली पांढरी पूड धरते आणि तिथे खड्डे पडतात. दोऱ्या काढेपर्यंत कळतही नाही.

धरणावर किंवा नदीवर गरवून आला असाल तर एवढी घाई नाही. तिथे मिठाऐवजी बारीक गाळ असतो. पुसून, थोडं पाणी घालून भागतं.

४. वाळवणं

रीळ दोन-तीनदा हलकेच झटका, हँडलचे आठ-दहा फेरे मारा म्हणजे रोटरमध्ये अडकलेलं पाणी बाहेर फेकलं जाईल. मऊ कापडाने पुसा. मग स्पूल काढून वेगळा ठेवा आणि त्याखालचा उभा दांडा पुसा. सावलीत, पंख्याखाली, रात्रभर. उन्हात नको, हेअर ड्रायर नको.

सकाळी एक काम नक्की करा. ड्रॅग सैल करा, पूर्ण सैल. घट्ट ठेवला तर वॉशर दाबल्या राहतात, चपट्या होतात, चिकटतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग झटके देत सुटतो. रात्री घट्ट, सकाळी सैल.

५. गरवायच्या दर चार-पाच खेपांनंतर तेलाचे थेंब

यासाठी रीळ उघडावं लागत नाही. जागा फक्त चार आहेत: लाइन रोलर, बेलचे दोन्ही बिजागरे, हँडलच्या बोंडाचा दांडा, आणि स्पूल काढल्यावर दिसणारा मुख्य दांडा. प्रत्येक ठिकाणी एक थेंब. सुईच्या टोकाची बाटली नसेल तर टाचणी तेलात बुडवून तिच्या टोकावरचा थेंब सोडा, तेवढाच पुरतो. जास्त घातलं की ते ओघळतं, त्यावर वाळू बसते आणि तेल-वाळूची कानस तयार होते.

रोलरवर जरा थांबूया. बहुतेक रिळांत तो एका स्क्रूवर बसलेला असतो. खाली पांढरा टॉवेल पसरा, स्क्रू सोडवा आणि रोलर हळूच बाहेर घ्या. आत एक लहानसं बेअरिंग किंवा प्लॅस्टिकची बुशी, दोन्ही बाजूंना पातळ चकत्या. त्या कुठल्या बाजूने, कशा क्रमाने निघाल्या याचा फोटो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. बेअरिंग दात कोरायच्या काडीवर चढवा, कानाजवळ धरा आणि बोटाने फिरवा. चांगलं असेल तर सुळकन फिरतं, आवाज नाही. मीठ शिरलं असेल तर साखर चिरडल्यासारखा करकर आवाज येतो आणि अर्ध्यातच अडकतं. अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं ठेवा, हलवा, पूर्ण वाळू द्या, एक थेंब तेल. तरीही करकरत असेल तर बदला. हे रिळातलं स्वस्तातलं बेअरिंग आहे. बदललं नाही तर रोलर जागच्या जागी जाम होतो आणि ताणलेला दोऱ्या एकाच जागी घासून त्याच्यावर चर पाडतो. मग तोच चर दोऱ्या कापतो. फेकून ओढताना किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला किंवा दोऱ्याला विनाकारण पीळ पडू लागला की पहिला संशय रोलरवर घ्या.

एक सूचना: काही रिळांत रोलर आणि मुख्य बेअरिंग चुंबकीय तेलाने बंद केलेली असतात, डायवाची मॅगसील्ड म्हणतात ती. त्या जागी आपलं तेल घालायचं नसतं. नकाशात बघून घ्या.

६. ड्रॅग

ड्रॅगच्या वॉशर स्पूलच्या तोंडाशी असतात, एका तारेच्या कडीने अडकवलेल्या. ती कडी चिमट्याने काढली की एकाखाली एक चकत्या निघतात: एक धातूची, एक मऊ, परत धातूची. मोबाइलवर प्रत्येक चकतीचा फोटो घ्या आणि टॉवेलवर निघाल्या त्याच क्रमाने, त्याच बाजूने मांडत जा.

मऊ चकत्या दोन प्रकारच्या. फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या जाड कापडाच्या) असतील तर त्यांना ग्रीस किंवा तेल मुरवलेलं असतं. कार्बन फायबरच्या असतील तर काही कंपन्या कोरड्या बसवतात, काही ड्रॅगचं खास ग्रीस लावून. कोरड्या कार्बनवर साधं तेल पडलं तर ड्रॅग घसरतो, आणि कितीही घट्ट केलं तरी घसरतच राहतो. म्हणून इथे अंदाज नको. जसं होतं तसं ठेवा: कोरडं असेल तर अल्कोहोलने पुसून कोरडंच, ग्रीसचं असेल तर फक्त ड्रॅग ग्रीसचा बोटाने पुसट लागेल एवढा थर. धातूच्या चकतीवर गंजाचे ठिपके असतील तर ती बदला. खरवडू नका, ओरखडा मऊ चकतीला खातो.

परत बसवल्यावर मोजून घ्या. सामान तोलायचा हातातला डिजिटल काटा दोऱ्याला बांधा, हळू ओढा आणि दोऱ्या सुटायला लागतो तो आकडा बघा. दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा तो असावा. २० पौंडांचा दोऱ्या म्हणजे साधारण ९ किलो, तर ड्रॅग सव्वादोन ते तीन किलोंवर सुटायला हवा. आकड्याइतकंच सुटण्याकडेही लक्ष द्या. एकसारखा सरकायला हवा, थांबत-झटकत नाही. पाण्यावर अंदाजाने ड्रॅग घट्ट करणाऱ्यांचे जिताडे खडकाशी तुटताना मी बरेच पाहिलेत.

७. वर्षातून एकदा पेटी उघडा

महिन्यातून दोन-तीनदा गरवायला जाणाऱ्याला वर्षातून एकदा पुरे. दर आठवड्याला जाणाऱ्याने सहा महिन्यांनी. मी जूनमध्ये करतो. १ जूनपासून यांत्रिकी बोटींची मासेमारी बंद होते, खडकांवर उभं राहायची सोय नसते, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना जमिनीवर टॉवेल पसरून बसायला वेळ मिळतो.

पहिल्या वर्षी फक्त बाजूचं झाकण उघडा आणि गिअर साफ करा. रोटर आणि त्याखालचा क्लच (हँडल उलटं फिरू न देणारा भाग) दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. हात बसायला एक फेरी लागतेच.

आता अंड्यांचा ट्रे. काका म्हणायचे, "स्क्रू जिथून निघाला तेच त्याचं घर." ट्रेच्या पहिल्या खळगीपासून सुरू करा. जो भाग पहिला निघाला तो पहिल्या खळगीत, दुसरा दुसऱ्यात. जोडताना शेवटच्या खळगीपासून उलट यायचं. झाकणाचे स्क्रू बघायला सारखे, पण लांबीला वेगळे असतात. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर रिळाच्या अंगालाच तडा जातो.

क्रम असा. ड्रॅगची चकती सोडवून स्पूल काढा. स्पूलखाली दांड्यावर पातळ वॉशर असतील त्या मोजून ठेवा. त्यांच्यावर दोऱ्या स्पूलवर सारखा बसतो की पुढे-मागे गोळा होतो ते ठरतं. मग हँडल. काही हँडल सरळ आट्यांनी बसतात आणि एका बाजूच्या आट्या उलट्या असतात. रोटरच्या नटाचंही काही रिळांत तसंच असतं. थोड्या जोराने हललं नाही तर जोर वाढवू नका, आधी उलट्या दिशेने करून बघा.

झाकणाचे स्क्रू तीन ते पाच. सगळे काढूनही झाकण सुटत नसेल तर एक राहिलाय असं समजा. बऱ्याचदा तो मागच्या शोभेच्या टोपीखाली दडलेला असतो. स्क्रूड्रायव्हरने झाकण उचकटायला गेलं की कडा कायमची वाकते. स्क्रू गंजून बसला असेल तर त्याच्या डोक्यावर गंज सोडवायच्या स्प्रेचा एक थेंब, आणि अर्धा तास थांबणं. त्या स्प्रेचं खरं काम हे.

झाकण उघडलं की आधी नुसतं बघा. निरोगी रिळात ग्रीस ज्या रंगाचं घातलं होतं त्याच रंगाचं, जरा मळकट. दुधाच्या चहासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय. माझ्या पहिल्या रिळात ते चहासारखंही नव्हतं, ओल्या मातीसारखं होतं, आणि बेअरिंगच्या कडेला मिठाची पांढरी किनार चढली होती. बोटाने दाबली तर कुरकुरली.

मोठं गिअर बाहेर घ्या. त्याच्या दोन्ही बाजूंना बेअरिंग असतं, आणि कधी केसाएवढी पातळ चकती बेअरिंगला चिकटून निघते. ती हरवली तर जोडल्यावर गिअर खडखडतो, आणि तुम्ही आठवडाभर कारण शोधत बसता. जुनं ग्रीस आधी कापडाने, मग कापसाच्या काड्यांनी, शेवटी अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या टूथब्रशने काढा. दातांच्या फटी उजेडात धरून तपासा. एखादा दात तुटलाय का, झिजून धारदार झालाय का. प्रत्येक बेअरिंग रोलरच्या बेअरिंगसारखं कानाजवळ फिरवून ऐका.

बेलच्या दांडीतली स्प्रिंग मात्र उघडू नका. कमान नीट मिटते-उघडते आहे ना, मग तिथे काही काम नाही. ती स्प्रिंग उडाली तर कपाटाखाली जाते.

८. कुठे काय लावायचं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून वेगळं लिहितो.

- गिअरचे दात, आणि स्पूल पुढे-मागे करणारी यंत्रणा: ग्रीस. ब्रशने दातांवर थर द्या, दात ग्रीसखालून दिसले पाहिजेत. पेटी भरून टाकू नका, हँडल जड होतं.
- बेअरिंग: तेल, एक थेंब.
- एका दिशेलाच फिरू देणारा क्लच, रोटरखाली असतो तो: ग्रीस अजिबात नाही. फार तर पातळ तेलाचा पुसटसा हात. आत सुईसारखे रूळ असतात, ते ग्रीसमध्ये घसरले की हँडल मासा ओढताना उलटं फिरतं आणि बोटांवर आपटतं.
- स्क्रूच्या आट्या आणि झाकणाची कड: ग्रीसचा पातळ हात.

शेवटचं लोक सोडून देतात, पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. स्क्रू स्टीलचा, अंग ॲल्युमिनियमचं, आणि मध्ये खारं पाणी. दोन वेगळे धातू आणि खारं पाणी एकत्र आले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मग पुढच्या जूनमध्ये स्क्रू निघत नाही, निघाला तर आट्या घेऊन निघतो. ग्रीस पाण्याला मधे येऊ देत नाही.

९. जोडून तपासणं

फोटो उघडे ठेवा आणि ट्रे उलटा वाचत या. स्क्रू आधी सगळे हाताने अर्धे बसवा, मग समोरासमोरचे घट्ट करत जा. दोन बोटांनी स्क्रूड्रायव्हर फिरवून थांबेल तिथे थांबा.

हँडल हळू फिरवा, डोळे मिटून. एका जागी दर फेऱ्याला टक् होत असेल तर दातात काहीतरी राहिलंय. सगळीकडे जड असेल तर ग्रीस जास्त झालंय किंवा स्क्रू जास्त आवळलेत, एकेक पाव फेरा सैल करून बघा. ट्रेमध्ये एखादी चकती उरली असेल तर रीळ परत उघडा. बारीक आहे, चालेल, असं म्हणू नका.

१०. रीळ समुद्रात पडलं तर

लाटेने रॉड ओढला, होडीतून पाण्यात गेलं, किंवा खडकावर ठेवलेलं भरतीने भिजवलं. अशा वेळी वरचे सगळे नियम बाजूला. नुसतं बाहेरून धुऊन उपयोग नाही, खारं पाणी पेटीत गेलेलं आहे. लगेच भरपूर गोड्या पाण्याने धुवा आणि त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी, झाकण उघडा. "बघू रविवारी" म्हटलं की रविवारपर्यंत बेअरिंग जातात. जमत नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडे नेऊन द्या, आणि त्याला समुद्रात पडलं होतं हे स्पष्ट सांगा.

वाळूत पडलं तर हँडल फिरवायचं नाही. एक फेराही नाही. आधी वाळू फुंकून, मग पाणी ओतून काढा.

११. पावसाळ्यात ठेवणं

कोकणातला जुलै रिळाला समुद्राइतकाच वाईट. हवेतला दमट ओलावा राहिलेल्या मिठाला परत ओलं करतो आणि कपाटात बसल्या बसल्या गंज चढतो. रॉडवरून रीळ काढा, बाहेरून तेलाचा पुसट हात फिरवलेल्या कापडाने पुसा, दोऱ्यावर तेल लागू देऊ नका. ड्रॅग सैल. कापडी पिशवीत, झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या तीन-चार पुड्यांसोबत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आतल्या आत पाणी धरतं. गाडीच्या डिकीतही नको. दर पंधरा दिवसांनी काढून हँडलचे वीसेक फेरे मारा, म्हणजे तेल-ग्रीस एका जागी बसून राहत नाही.

नारळी पौर्णिमेच्या आसपास मी डबा उघडतो. दोऱ्याचे पहिले चार-पाच मीटर कापून टाकतो, ड्रॅग काट्यावर मोजतो, रोलरवर एक थेंब तेल सोडतो. आणि स्पूलवरचा दोऱ्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली आहे ना, ते बघतो. गेल्या हंगामात तुटून तुटून तो कमी झालेला असतो, आणि तेवढ्याने फेक दहा-बारा पावलं आखूड पडते.